आपल्या डोक्यावर आपण हात ठेवू शकत नाही



प्रार्थना, प्रकटीकरण आणि याजकपणाचे विधी हे तीन विषय आपण बहुतेक वेळा तीन वेगवेगळ्या रविवारी शिकतो. मीही वर्गात ते तसेच शिकवत आलो आहे. पण दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, तीन-चार दिवसांत, हे तिन्ही धडे मला एकत्र शिकावे लागले. त्यातला एक धडा कठीण होता, कारण तो शिकण्यासाठी मला आधी माफी मागावी लागली. तो अनुभव मी इथे सांगत आहे. तो वाचताना तुम्हीही तुमच्या घरातल्या कोणाची तरी आठवण करा.

धुक्यातली प्रार्थना

मी मूळचा पुण्याचा. नोकरीमुळे गेली काही वर्षे आम्ही मोहालीच्या सेक्टर 81 मध्ये, चंदीगडला लागून असलेल्या नॉलेज सिटीत राहतो. ही संशोधन संस्थांची वसाहत आहे. इथल्या एका प्रयोगशाळेत मी यंत्रांची देखभाल करतो. रविवारी प्रभुभोजनाच्या सभेत माझ्या शेजारी पंजाबी आणि हिंदी बोलणारे बंधू-भगिनी असतात. घरी मात्र आमची प्रार्थना मराठीतच होते.

त्या जानेवारीत आई पुण्यात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. तिचे वय 74, हृदय आधीच कमजोर. ऑपरेशन तिसऱ्या दिवशी सकाळी ठरले. डॉक्टरांनी धोक्याची स्पष्ट कल्पना दिली होती. रात्री फोनवर आई एवढेच म्हणाली, "तू ये आणि माझ्या डोक्यावर हात ठेव. मग देवाची इच्छा असेल ते होऊ दे."

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला पवित्र केलेल्या ऑलिव्ह तेलाची एक छोटी कुपी कायम अडकवलेली असते. कोणी आजारी असेल आणि आशीर्वाद मागितला तर जाता यावे म्हणून. मी लगेच दुसऱ्या दिवशीचे विमानाचे तिकीट काढले. पहाटे उठून पाहिले तर खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. उत्तरेकडचे जानेवारीतले धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. विमानाला आधी दोन तास उशीर, मग चार तास, आणि दुपारी ते रद्द झाले. रेल्वेने जायचे तर एका दिवसाहून जास्त प्रवास, आणि धुक्यामुळे गाड्याही खोळंबलेल्या. पुणे दीड हजार किलोमीटरहून लांब. ऑपरेशनपूर्वी पोहोचणे शक्य नव्हते.

विमानतळावरच्या खुर्चीत बसून मी मनातल्या मनात प्रार्थना केली. खरे सांगायचे तर ती प्रार्थना नव्हती, मागणी होती: हे धुके उचल, मला पोहोचव. त्या मागणीच्या मध्येच माझ्या धाकट्या भावाचा विचार मनात आला. मी तो बाजूला सारला आणि पुन्हा धुक्याबद्दल बोलू लागलो. तो विचार परत आला.

माझा भाऊ पुण्यातच राहतो. वडिलांचे घर विकायचे की ठेवायचे यावरून आमचे बिनसले होते. मी त्याला एक पत्र लिहिले होते, त्यात लिहू नये ते लिहिले होते. त्यानंतर चौदा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मधल्या काळात त्याला मलकीसदेकाचे याजकपण मिळाले, तो एल्डर झाला. त्या दिवशी यावे म्हणून त्याने मला निरोप पाठवला होता. मी उत्तरही दिले नव्हते.

उत्तर कोणत्या रूपात येते

आपण प्रार्थना करतो तेव्हा पुष्कळदा उत्तराचा मजकूर आधीच ठरवलेला असतो. देवाने फक्त खाली सही करायची, अशी आपली अपेक्षा असते. जोसेफ स्मिथने 1820 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, याकोबाच्या पत्रातले वचन वाचून रानात जाऊन गुडघे टेकले तेव्हा त्याच्याजवळ मागणी नव्हती, प्रश्न होता. कोणत्या पंथात सामील व्हावे हे त्याला खरोखरच माहीत नव्हते. प्रश्न खरा असेल तर उत्तर आपल्याला नको त्या दिशेनेही येऊ शकते, आणि ते ऐकण्याची तयारी आपल्यात असते.

एलीयाची गोष्ट आपण सर्वांनी वाचली आहे. आधी मोठा वारा, मग भूकंप, मग अग्नी. पण परमेश्वर त्यांत नव्हता. त्यानंतर एक मंद, शांत वाणी आली. प्रयोगशाळेत एखादे सूक्ष्म मोजमाप घ्यायचे असेल तर आम्हाला यंत्र आधी काही वेळ शांत होऊ द्यावे लागते. आजूबाजूचा थरथराट थांबला नाही तर खरा संकेत समोर असूनही दिसत नाही. माझ्या मनात त्या दिवशी धुक्याचा थरथराट होता, आणि त्याखाली चौदा महिन्यांचा राग होता.

1829 मध्ये ऑलिव्हर काउडरीला भाषांतर करायचे होते आणि जमले नाही, तेव्हा प्रभूने त्याला काय शिकवले ते 'सिद्धांत आणि करार'च्या नवव्या भागात आहे. नुसते मागून चालत नाही. आधी मनात अभ्यास करावा लागतो, मग ते योग्य आहे का असे विचारावे लागते. मीही अभ्यास केला, पण पळवाट शोधण्यासाठी. पुण्यात आणखी कोण एल्डर आहेत, कोणाला हॉस्पिटलमध्ये पाठवता येईल, याची यादी मी मनात केली. त्या यादीत सगळे होते, भाऊ नव्हता. मग मी तिथल्या शाखेच्या अध्यक्षांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मी नक्की जाईन. पण विधीला दोघे असलेले बरे. तुमचा भाऊ इथेच आहे, तोही एल्डर आहे. त्याला सोबत घेतो." मी गप्प राहिलो. ते पुढे म्हणाले, "फक्त त्याला विचारायचं मात्र तुम्हीच."

जो विचार प्रार्थनेत दोनदा आला आणि मी दोनदा बाजूला सारला, तोच तिसऱ्यांदा एका माणसाच्या तोंडून आला. प्रकटीकरण म्हणजे नेहमी काही नवीन कळणे नव्हे. कधी कधी आपल्याला आधीच माहीत असलेली आणि आपण टाळत असलेली गोष्ट पवित्र आत्मा पुन्हा आपल्यासमोर ठेवतो.

आधी भावाशी समेट

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीवर अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जावे. हे वचन मी किती वेळा वर्गात शिकवले होते! पण त्यात एक बारकावा आहे, तो त्या दिवशी प्रथम लक्षात आला. प्रभू असे म्हणत नाही की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, तरीही उठून जायचे तूच.

मी फोन लावला. त्याने उचलला, पण काही बोलला नाही. मी आईचे सांगितले. त्याला सगळे माहीत होते. दोन दिवस तोच हॉस्पिटलमध्ये होता, हे मला आईने सांगितले नव्हते. मी म्हणालो, "आईला आशीर्वाद हवाय. तू देशील का?"

बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "दादा, तू माझ्यावर रागावलेला असताना माझ्याच्यानं ते होणार नाही. हात ठेवले तरी शब्द येणार नाहीत."

मग मात्र मी धुके, विमान, घर सगळे विसरलो. मी म्हणालो, "ते पत्र मी लिहायला नको होतं. तुझ्या त्या दिवशी मी यायला हवं होतं. माझं चुकलं." घराचा विषय आम्ही त्या दिवशी काढला नाही. त्याने फक्त विचारले, "किती वाजता?" आम्ही संध्याकाळचे सात ठरवले.

'सिद्धांत आणि करार'चा 121 वा भाग याच विषयी आहे. याजकपणाचे सामर्थ्य समजूत घालणे, सहनशीलता, सौम्यता आणि निष्कपट प्रीती यांनीच टिकते. गर्व झाकण्यासाठी किंवा कोणावर अधिकार गाजवण्यासाठी ते वापरायला गेलो तर पवित्र आत्मा दूर जातो. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात तेल होते. पण चौदा महिने मनात जे बाळगले होते ते घेऊन मी आईच्या डोक्यावर हात ठेवले असते तर? या प्रश्नाचे उत्तर मला आजही सोपे वाटत नाही.

विधीला दुसरा माणूस का लागतो

सात वाजता पुण्यात आईच्या खाटेशेजारी शाखेच्या अध्यक्षांनी तिच्या डोक्यावर तेलाचा थेंब लावला आणि माझ्या भावाने आशीर्वाद दिला. त्याच वेळी इथे मोहालीत मी, माझी पत्नी आणि मुलगी गुडघे टेकून बसलो होतो. प्रार्थना पत्नीने केली. प्रार्थना करायला आणि उत्तर मिळवायला कोणत्याही पदाची गरज नसते. त्या दिवशी आमच्यापैकी सर्वांत मोठा विश्वास आईचा होता, कारण आशीर्वाद तिने मागितला होता.

रात्री आमच्या शाखेतले एक पंजाबी बंधू विचारपूस करायला आले. जाताना त्यांनी विचारले, "आपके लिए कुछ करूँ, भाईसाहब?" एरवी मी नाही म्हणालो असतो. इतक्या वर्षांत मी कितीतरी लोकांना आशीर्वाद दिले होते, पण स्वतःसाठी शेवटचा कधी मागितला होता ते आठवत नव्हते. मी खुर्चीत बसलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले आणि हिंदीत, मधूनच पंजाबी मिसळत, माझ्यासाठी देवाजवळ शांती मागितली. ती भाषा माझ्या घरची नव्हती, तरी ते शब्द थेट मनात उतरले.

तेव्हा एक साधी गोष्ट उमगली. याजकपण असलेला कोणीही स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून स्वतःला आशीर्वाद देऊ शकत नाही. कोणी स्वतःचा बाप्तिस्मा करू शकत नाही. प्रार्थना एकट्याने होते, प्रकटीकरण एकट्याला मिळते, पण विधीसाठी दुसऱ्याचे हात लागतात. देवाने हे मुद्दाम असेच ठेवले आहे, असे मला वाटते.

15 मे 1829 रोजी पेनसिल्व्हेनियात सुसक्वेहाना नदीजवळ जोसेफ स्मिथ आणि ऑलिव्हर काउडरी बाप्तिस्म्याविषयी प्रार्थना करायला गेले. बाप्तिस्मा करणारा योहान स्वर्गीय दूत म्हणून आला आणि त्याने त्यांना अहरोनाचे याजकपण दिले. आता विचार करा. दूत समोर उभा असताना त्यानेच दोघांचा बाप्तिस्मा करणे सोपे नव्हते का? पण त्याने तसे केले नाही. त्याने त्यांना एकमेकांचा बाप्तिस्मा करायला सांगितले. जोसेफने ऑलिव्हरचा बाप्तिस्मा केला, मग ऑलिव्हरने जोसेफचा. ज्याच्यावर स्वर्ग उघडले होते त्यालाही पाण्यात आपल्या सोबत्याच्या हातांवर विसंबावे लागले.

आणि आपल्या प्रभूनेही तेच केले. ज्याच्यात काही पाप नव्हते तो गालीलाहून चालत यार्देनेपर्यंत गेला, योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेण्यासाठी. योहान संकोचला, पण प्रभूने त्याला तसे करू दिले.

पुण्यातली पहिली शाखा

आपल्या पुण्याच्या बंधू-भगिनींना कदाचित माहीत नसेल की पुण्यात आपल्या चर्चचे विधी प्रथम झाले ते 170 वर्षांपूर्वी. ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश एल्डर सप्टेंबर 1852 मध्ये मुंबईत उतरले. मुंबईत वृत्तपत्रांनी आणि पाद्री मंडळींनी त्यांना विरोध केला. पुढे ते पुण्याला गेले. तेव्हा पुण्याला रेल्वे नव्हती. ती 1858 मध्ये आली. घाट चढून जावे लागे. तिथे लष्करी अधिकाऱ्यांनी अडथळे आणले. तरीही काही जणांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात एक लहानशी शाखा स्थापन झाली. 1853 च्या एप्रिलमध्ये सॉल्ट लेक सिटीहून निघालेले 13 एल्डर कलकत्त्याला पोहोचले होते. पण 1856 पर्यंत हे सगळे एल्डर परत गेले, आणि इथले काम थांबले.

मी पुष्कळदा त्या मागे राहिलेल्यांचा विचार करतो. ते प्रार्थना करू शकत होते. त्यांना कोणी अडवले नव्हते. पण लेकरू आजारी पडले तर डोक्यावर हात ठेवायला कोणाला बोलवावे? नव्या विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा कोणी करावा? सॉल्ट लेकला पत्र पोहोचायलाच महिने लागत.

पुढे सव्वाशे वर्षांनी, डिसेंबर 1978 मध्ये, एडविन आणि एल्सी धर्मराजू हे दांपत्य सामोआहून आपल्या हैदराबादच्या नातेवाइकांकडे आले. तिथे 22 जणांचा बाप्तिस्मा झाला. इथेही काम नात्यातूनच सुरू झाले. त्याच हैदराबादमध्ये 27 मे 2012 रोजी भारतातला पहिला स्टेक स्थापन झाला, आणि 1 एप्रिल 2018 रोजी बंगळुरूच्या मंदिराची घोषणा झाली.

पुण्याच्या त्या पहिल्या संतांना जे हात मिळाले नाहीत ते आज मला मिळाले आहेत. एका फोनच्या अंतरावर. आणि मी चौदा महिने तो फोन केला नव्हता.

उत्तर "बरे होणे" नसेल तेव्हा

ऑपरेशन पार पडले. तिसऱ्या दिवशी धुके विरळ झाले आणि मी पुण्याला पोहोचलो. हॉस्पिटलच्या जिन्यात भाऊ भेटला. आम्ही काही बोललो नाही. त्याने माझ्या हातातली बॅग घेतली.

आई पुन्हा पूर्वीसारखी चालली नाही. वॉकर धरून अंगणापर्यंत जायची, तेवढेच. त्याच वर्षी पावसाळ्यात ती देवाघरी गेली. मी हे मुद्दाम सांगतो, कारण आशीर्वाद दिला आणि सगळे ठीक झाले, अशा साक्षी आपण ऐकतो, आणि ज्यांच्या घरी तसे झाले नाही ते बंधू-भगिनी मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात. त्यांना मी सांगू इच्छितो की तुमचा विश्वास कमी पडला असे समजू नका. नंतर आईने मला सांगितले की भावाने त्या आशीर्वादात तिला बरे होण्याचे वचन दिले नव्हते. तिला भीती वाटणार नाही आणि तिची मुले तिच्याजवळ असतील, एवढेच त्याच्या तोंडून आले होते. मी तेव्हा दीड हजार किलोमीटर लांब होतो. ते शब्द कसे खरे होणार हे त्यालाही माहीत नव्हते. शेवटच्या दिवसांत आम्ही दोघेही तिच्या खाटेशी होतो.

दफनाच्या वेळी कबर समर्पित करण्याची प्रार्थना कोणी करावी, असे शाखेच्या अध्यक्षांनी विचारले. थोरला म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी भावाकडे पाहिले. त्याने केली. पाऊस पडत होता आणि मी त्याच्यावर छत्री धरली होती.

वडिलांच्या घराचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. कागदपत्रांचे काम चालू आहे आणि आमची मते आजही वेगळी आहेत. पण दर रविवारी संध्याकाळी आम्ही फोनवर बोलतो.

घरी आणि वर्गात विचार करण्यासाठी

तुमच्या सध्याच्या प्रार्थनेत प्रश्न किती आणि ठरवलेली उत्तरे किती आहेत?

प्रार्थनेत एखाद्या माणसाचे नाव पुन्हा पुन्हा मनात येते का? तुम्ही ते बाजूला सारत आहात का?

तुम्ही शेवटचा आशीर्वाद कधी मागितला? मागायला संकोच वाटत असेल तर तो कशाचा आहे?

ज्याने विधीत तुमच्यावर हात ठेवले, बाप्तिस्म्यात तुम्हाला पाण्यातून वर काढले, त्याच्याशी आज तुमचे संबंध कसे आहेत?

या आठवड्यात प्रभुभोजनाला बसण्यापूर्वी एक फोन करा. कोणाला, ते तुम्हाला माहीत आहे.

माझी साक्ष

मला ठाऊक आहे की आपला स्वर्गीय पिता प्रार्थना ऐकतो. त्याने माझ्यासाठी धुके उचलले नाही, पण माझ्या मनावर जे साचले होते ते उचलले. मला ठाऊक आहे की पवित्र आत्मा आजही सौम्यपणे बोलतो, आणि आपण दुर्लक्ष केले तरी तो धीराने पुन्हा बोलतो. याजकपण खरे आहे, आणि देवाने ते आपल्या हाती दिले आहे ते दुसऱ्यांच्या डोक्यांसाठी. आणि मला आशा आहे की ज्या दिवशी आई पुन्हा उठेल, त्या दिवशी तिची दोन्ही मुले तिच्याजवळ असतील. येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन.